स्टाफकडून होणारी चोरी: आधी फट बुजवा, मग माणसाकडे बघा

तुमचं म्हणणं मी असं समजले, की तुमच्याकडे 12 जण कामाला आहेत, पुढे काउंटर, मागे गोदाम, विक्री मागच्या वर्षीएवढीच आहे, गल्लाही जुळतो, पण महिनाअखेरीस हातात पैसे कमी उरतायत आणि स्टॉक मोजला की कमी भरतो. संशय 4 महिन्यांपूर्वी लागलेल्या एका मुलावर आहे. कॅमेरे लावायचं चाललंय, संध्याकाळी निघताना सगळ्यांच्या बॅगा तपासाव्यात असंही मनात आहे, आणि हिशोब बघणारा जो 15 वर्षांचा जुना माणूस आहे त्याला यातलं काही लागू करायला मन धजत नाही.

मी 20 वर्षांहून जास्त काळ छोट्या धंद्यांचे हिशोब आणि स्टॉक तपासायचं काम करतेय, त्यामुळे एक गोष्ट आधी कळकळीने सांगते. त्या मुलाला आज काहीही बोलू नका. बॅगा तपासणंही आज सुरू करू नका. तुमच्या हातात सध्या फक्त एक फरक आहे, पुरावा नाहीये, आणि नुसता फरक बघून माणसावर बोट ठेवलं आणि ते चुकलं तर त्या मुलाचं नाव कायमचं खराब होतं आणि बाकीचे 11 जण त्या दिवसापासून तुमच्याशी मोकळं बोलणं बंद करतात. तुम्हाला पुढे जी माहिती लागणार आहे ती त्यांच्याकडूनच येणार आहे, म्हणून म्हणते.

पहिलं काम म्हणजे ही चोरी आहे का ते ठरवणं. स्टॉक कमी भरायची बरीच कारणं असतात, सप्लायरने कमी माल पाठवला आणि कुणी मोजून घेतला नाही, तूटफूट झाली आणि लिहिली नाही, ग्राहकाने परत केलेला माल गोदामात गेला पण एन्ट्री झाली नाही, किंवा एकाच वस्तूचे दोन कोड पडलेत आणि एकात जास्त दिसतंय एकात कमी. एका ठिकाणी मालकाने दोन महिने गोदामातल्या माणसावर संशय धरला होता, मी जाऊन बघितलं तर एका सप्लायरने पॅकिंग बदललं होतं, आधी खोक्यात 12 नग यायचे ते 10 यायला लागले होते आणि कॉम्प्युटरवर एन्ट्री मात्र 12 चीच पडत होती. त्या माणसाने तोपर्यंत नोकरी सोडली होती. म्हणून सगळ्यात जास्त तूट येणाऱ्या 10-15 वस्तू निवडा आणि प्रत्येकीचा मागच्या 3 महिन्यांचा माग काढा, किती आलं, किती विकलं, किती परत आलं, किती फुटलं, आज किती आहे. तूट सगळ्या वस्तूंत थोडी थोडी पसरलेली असेल तर बहुतेक वेळा कामातला गलथानपणा निघतो. तूट लहान, महाग, खिशात मावणाऱ्या आणि बाहेर लगेच विकता येणाऱ्या वस्तूंतच गोळा झालेली असेल तर मग ती कुणीतरी नेतंय असं धरायला हरकत नाही.

आता चोरीच आहे असं धरून बोलू. चोरी करणारा माणूस मुळातच वाईट असतो आणि आपण माणसं नीट पारखून घेतली की झालं, असं बऱ्याच मालकांना वाटतं. माझा अनुभव तसा नाही. डोनाल्ड क्रेसी नावाचे एक अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ होते, त्यांनी मालकाच्या पैशाची अफरातफर करून तुरुंगात गेलेल्या लोकांना भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि 1953 मध्ये त्यातून जे निघालं ते मांडलं. त्यावरूनच पुढे या क्षेत्रात तीन गोष्टींचा त्रिकोण म्हणून जे शिकवतात ते आलं. एक, माणसाला पैशाची अशी अडचण असते जी तो कुणाला सांगू शकत नाही. दोन, गुपचूप पैसे काढायची संधी त्याला दिसते. तीन, तो स्वतःच्या मनाची समजूत घालतो, की मी चोरत नाहीये, उसने घेतोय, पगार झाला की परत ठेवीन, किंवा एवढं राबतो मी, माझा हक्कच आहे. हे वाचलं तेव्हा मला माझ्या बघण्यातली माणसं एकेक करून आठवली, जवळजवळ प्रत्येकाने पहिल्यांदा पैसे काढले तेव्हा ते परत ठेवायचेच आहेत असं खरोखर मनात धरलं होतं. काहींनी पहिले दोन वेळा ठेवलेही होते.

या तिन्हीतली अडचण तुमच्या हातात थोडीफार आहे, मनाची समजूत थोडीफार आहे (त्यावर पुढे येते), पण संधी ही पूर्ण तुमच्या हातात आहे. आणि संधी बंद करणं यात कुणाचा अपमान नाही. काउंटरवरचं कॅश रजिस्टर जन्मालाच मुळी या कारणाने आलं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक बारमालक होता, त्याचा धंदा जोरात चालायचा तरी पैसा टिकायचा नाही कारण काउंटरवरची माणसं नोटा खिशात घालायची. 1878 मध्ये तो बोटीने युरोपला चालला होता, तिथे बोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र त्याला दिसलं आणि डोक्यात आलं की फेरे मोजता येतात तर विक्रीही मोजता येईल. 1879 मध्ये त्याने आणि त्याच्या भावाने त्या यंत्राचं पेटंट घेतलं. मशीनने कुणाला पकडलं नाही, प्रत्येक विक्रीची नोंद त्याच क्षणी आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला लागली एवढंच झालं. चोरी रोखायचं बहुतेक काम आजही याच रस्त्याने होतं, म्हणजे पैसा किंवा माल हलला की त्याच वेळी, हलवणाऱ्याच्या हाताबाहेर, त्याची खूण उमटली पाहिजे.

यातूनच सगळ्यात मोठा नियम येतो, आणि छोट्या धंद्यात तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. मंजुरी देणं, पैसा किंवा माल प्रत्यक्ष हाताळणं, वहीत नोंद करणं आणि शेवटी मेळ घालणं ही चार कामं आहेत, आणि ती एका माणसाकडे एकवटू द्यायची नाहीत. मोठ्या कंपनीत चार टेबलं असतात. तुमच्याकडे एकच माणूस वसुलीचे चेक आणि रोख घेतो, तोच पावती फाडतो, तोच कॉम्प्युटरवर चढवतो, तोच बँकेत भरतो आणि महिन्याच्या शेवटी बँकेशी मेळही तोच घालतो, बरोबर ना? मग त्याने ठरवलं तर काय होऊ शकतं ते सांगते, हे मी स्वतः तीन वेगवेगळ्या ठिकाणी उलगडलंय.

एका ग्राहकाकडून उधारीचे पैसे रोखीत येतात. ते खिशात जातात. आता त्या ग्राहकाच्या नावावर बाकी दिसणार, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्राहकाचे पैसे येतात ते पहिल्याच्या खात्यात जमा दाखवायचे, मग तिसऱ्याचे दुसऱ्याच्या खात्यात. याची टोपी त्याला, त्याची टोपी तिसऱ्याला. बाहेरून बघितलं तर सगळ्यांची खाती हलती आहेत, फक्त प्रत्येकजण जरा उशिराने भरतोय असं दिसतं. पण हा खेळ रोज सांभाळावा लागतो, एक दिवस जरी दुसरं कुणी त्या खुर्चीत बसलं आणि ग्राहकाचा फोन आला की मी तर मागच्याच आठवड्यात भरले, तर सगळं उघडं पडतं. म्हणून असा माणूस सुट्टी घेत नाही. ताप असला तरी येतो, त्याच्या कामाला कुणाला हात लावू देत नाही. मालकाला तो सगळ्यात निष्ठावान वाटतो. मी ज्या एका ठिकाणी गेले होते तिथल्या बाईंनी 6 वर्षांत सलग 3 दिवसही रजा घेतली नव्हती आणि मालक हे मला कौतुकाने सांगत होते.

सुट्टी न घेणारा प्रत्येक माणूस चोर असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, कामावर जीव असलेली माणसंही अशीच असतात, म्हणूनच यावर एक साधा उपाय आहे जो कुणाला टोचत नाही. वर्षातून एकदा प्रत्येकाने सलग रजा घ्यायचीच, आठवडा तरी, शक्य असेल तर दोन, आणि त्या काळात त्याचं काम खरोखर दुसऱ्याने करायचं, साठवून ठेवायचं नाही. बऱ्याच बँकांत हा नियम याच कारणासाठी असतो. नियम सगळ्यांना असला की तो एकट्यावर रोखलेला वाटत नाही, आणि माणसाला विश्रांती मिळते ती वेगळीच.

माणसं कमी असतील तर चार कामं चौघांत वाटता येत नाहीत हे मला मान्य आहे. मग मालकाने एक काम स्वतःकडे घ्यायचं, आणि ते काम म्हणजे मेळ. बँकेचं स्टेटमेंट थेट तुमच्याकडे आलं पाहिजे, तुमच्या मेलवर, तुमच्या लॉगिनने, मधे कुणाचा हात न लागता. महिन्यातून एक तास बसा आणि ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव विचारा. जमा रकमा वहीतल्या त्याच दिवसाच्या वसुलीशी जुळतात का ते बघा, एकूण रक्कम जुळणं पुरेसं नाही, तारीख आणि रोख-चेकची फोडही जुळली पाहिजे. 15 दिवसांतून एकदा कुठल्याही 5 उधारीच्या ग्राहकांना तुम्ही स्वतः फोन करा, की आमच्याकडे तुमची बाकी अमुक दिसते, बरोबर आहे का. हे फोन तुम्ही करता एवढं स्टाफला माहीत असलं तरी टोपी फिरवायचा खेळ सुरूच होत नाही. पेमेंट सोडायचा ओटीपी आणि सहीचे कोरे चेक याबद्दल तर मी हात जोडून सांगते, कुणालाही देऊ नका, घाई असली तरी नाही. कोऱ्या चेकवर आगाऊ सह्या करून ठेवलेली पुस्तकं मी कितीतरी ठिकाणी बघितली आहेत.

काउंटरकडे येऊ. रोखीची चोरी दोन प्रकारची असते आणि दोन्हींवर उपाय वेगळा आहे. नोंद झालेले पैसे काढले तर गल्ला कमी भरतो, ते त्याच रात्री कळतं. अवघड प्रकार म्हणजे विक्रीची नोंदच न करणं, माल दिला, पैसे घेतले, बिल केलंच नाही, मग गल्ला बरोब्बर जुळतो आणि तूट स्टॉकमध्ये दिसते. तुमच्याकडे गल्ला जुळतोय आणि स्टॉक कमी येतोय, म्हणजे हा प्रकार असू शकतो हे लक्षात ठेवा. किंवा बिल होतं आणि ग्राहक गेल्यावर रद्द केलं जातं. किंवा ग्राहकाने पूर्ण पैसे दिले आणि मागाहून बिलात डिस्काउंट टाकून फरक काढला जातो. किंवा काउंटरवरच्या क्यूआर कोडच्या जागी थोड्या वेळासाठी स्वतःचा कोड येतो, हा प्रकार हल्ली ऐकायला येतोय म्हणून पैसे आल्याचा आवाज तुमच्या खात्याच्याच मशीनवर वाजतो का आणि कोड तुमचाच आहे का हे अधूनमधून स्वतः स्कॅन करून बघा.

याच्यासाठी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून तीन रिपोर्ट काढा, रद्द केलेली बिलं, परतावे आणि डिस्काउंट, आणि ते माणसाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे लावा. एखाद्याची रद्द बिलं बाकीच्यांपेक्षा तिप्पट असतील, आणि ती दुकान बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासातच असतील, किंवा फक्त रोखीच्याच बिलांची असतील, तर तिथे बघायला जागा आहे. पण हे रिपोर्ट तेव्हाच बोलतात जेव्हा प्रत्येकाचा लॉगिन वेगळा असतो. एकच पासवर्ड सगळे वापरत असतील तर कुणी केलं हे देवालाही कळणार नाही, आणि निर्दोष माणसाला स्वतःचं निर्दोषत्व दाखवायची सोयच राहत नाही. तेच गल्ल्याचं. एका शिफ्टला एक ड्रॉवर, एक माणूस, सुरुवातीला मोजून घ्यायचा, शेवटी मोजून द्यायचा. आणि शेवटी मोजताना सिस्टीमप्रमाणे किती असायला हवेत तो आकडा त्याला आधी दाखवायचा नाही. त्याने मोजून लिहावं, मग तुम्ही जुळवावं. आकडा आधी दिसला की माणूस त्या आकड्यापर्यंतच मोजतो, जास्त असेल तर वरचे बाजूला होतात. गल्ला रोज पैशा-पैशाला तंतोतंत जुळतोय याचाही मला थोडा विचार पडतो, कारण खऱ्या काउंटरवर सुट्ट्या पैशांचा थोडा इकडे तिकडे फरक पडतोच.

रद्द करायचा आणि परताव्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाकडे ठेवू नका, तुमच्याकडे किंवा दुसऱ्या एकाकडे ठेवा. आणि ग्राहकाला बिल हातात द्यायचंच, मागितलं नाही तरी. बिल मिळालं नाही तर मालकांना कळवा असा फलक फोन नंबरसकट काउंटरवर ग्राहकाच्या बाजूने लावा. ग्राहक हा तुमचा बिनपगारी पहारेकरी होतो.

स्टॉकचं म्हणाल तर वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून सगळं मोजायची पद्धत चोरी रोखायला फारशी कामाची नाही. तोवर 11 महिने उलटलेले असतात आणि कशात काय गेलं ते शोधणं अशक्य होतं. त्यापेक्षा रोज 5-7 वस्तू मोजा, महाग आणि लहान वस्तू दर आठवड्याला येतील अशा, स्वस्त आणि अवजड वस्तू तीन-चार महिन्यांतून एकदा. कोणत्या मोजायच्या ते सकाळी तुम्ही ठरवायचं. मोजणारा गोदाम सांभाळणारा नसावा आणि त्याच्या हातात शिल्लक लिहिलेला कागद नसावा, कोरा कागद द्या. माल आत येतानाही तसंच, सप्लायरच्या चलनावरचा आकडा झाकून आधी मोजून लिहायचा मग चलन बघायचं, नाहीतर न मोजताच सही होते. ज्याने ऑर्डर दिली त्यानेच माल उतरवून घ्यायचा नाही.

मागचं दार. मला वाटतं गोदामातला निम्मा माल मागच्या दारानेच जातो, आणि तोही बऱ्याचदा कचऱ्यातून, रिकाम्या खोक्यांच्या ढिगात एक भरलेलं खोकं बाहेर ठेवायचं आणि रात्री येऊन न्यायचं. खोकी चपटी करूनच बाहेर जातील, कचरा दिवसाउजेडी आणि दोघांनी मिळून बाहेर न्यायचा, स्टाफच्या गाड्या मागच्या दाराजवळ लावायच्या नाहीत, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. फुटका, खराब झालेला माल परस्पर टाकू द्यायचा नाही, तो एका जागी साठवायचा, तुम्ही बघायचा आणि मगच तो लिहून काढून टाकायचा. हा माल स्टाफला स्वस्तात विकायचा असेल तर जरूर विका पण त्यात एक धोका आहे, चांगला माल मुद्दाम खराब केला जातो, त्यामुळे तो ज्याने खराब म्हणून दाखवला त्याला द्यायचा नाही.

खरेदीतली चोरी मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती ना गल्ल्यात दिसते ना स्टॉकमध्ये, ती भावात दिसते. खरेदी बघणारा माणूस सप्लायरकडून टक्केवारी घेतो आणि तुम्हाला तोच माल थोडा चढ्या भावाने येतो. किंवा सप्लायर अस्तित्वातच नसतो, नुसती बिलं येतात, दुरुस्ती, सफाई, वाहतूक अशी, ज्यात माल दाखवावा लागत नाही. इथे बिलांचे नंबर बघा. एखाद्या सप्लायरचं जानेवारीतलं बिल नंबर 41, फेब्रुवारीतलं 42, मार्चमधलं 43 असेल तर त्या माणसाला जगात तुमच्याशिवाय दुसरा ग्राहकच नाही असा त्याचा अर्थ होतो. सप्लायरच्या खात्याचा नंबर, पत्ता, फोन तुमच्या स्टाफच्या यादीशी ताडून बघा, यातून निघालेली प्रकरणं मी बघितली आहेत. अमुक रकमेवरचं बिल मालकाला दाखवायचं असा नियम असेल तर त्या रकमेच्या अगदी खालची बिलं किती येतात ते मोजा. नवीन सप्लायर तुमच्या सहीशिवाय सिस्टीममध्ये चढता कामा नये, आणि मोठ्या खरेदीला दर वर्षी दोन बाहेरचे भाव तुम्ही स्वतः मागवा. सप्लायरने खातं बदललंय असा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे सोडू नका, ही बाहेरची चोरी आहे पण आतल्या माणसाच्या मदतीनेही होते.

पगाराचं थोडक्यात, पगाराची यादी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष कामावर असलेल्या माणसांशी ताडून बघा. सोडून गेलेल्या माणसाचा पगार चालूच राहिलाय आणि खातं मात्र बदललंय असं होतं. ओव्हरटाइम ज्याचा आहे त्याने स्वतः लिहायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा.

कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलंय. लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. कॅमेरा गल्ला, मागचं दार आणि माल उतरवायची जागा एवढ्यावर हवा, आणि बिलिंगच्या वेळेशी त्याची वेळ मिनिटाला जुळलेली हवी, म्हणजे रद्द बिलाची वेळ बघून तेवढंच फुटेज बघता येतं, दिवसभराचं फुटेज कुणी बघत नाही. किती दिवसांचं साठतं ते आधी तपासा, बरेचदा गरज पडते तोपर्यंत ते पुसलेलं असतं. कॅमेरा आहे हे सगळ्यांना सांगून, फलक लावून लावा. कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह इथे कधीच नाही. आणि खरेदीतली टक्केवारी, उधारीतली टोपी, सोडून गेलेल्याच्या नावावर निघणारा पगार यातलं काहीही कॅमेऱ्यात दिसत नाही. बॅगा तपासायच्याच असतील तर आधी वकिलाला विचारा, लेखी नियम करा, आणि तो तुम्ही धरून सगळ्यांना लावा. मी स्वतः छोट्या जागेत हे टाळायलाच सांगते, मिळतं फार थोडं आणि माणसं दुखावतात फार.

मग चोरी पकडली कशी जाते? असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही संस्था दर दोन वर्षांनी जगभरातल्या उघडकीला आलेल्या प्रकरणांचा अहवाल काढते. 2024 च्या अहवालात 43 टक्के प्रकरणं कुणीतरी सांगितल्यामुळे उघड झालेली होती, दुसऱ्या कुठल्याही मार्गापेक्षा तिपटीहून जास्त, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तिथलेच कर्मचारी होते. प्रकरण सुरू झाल्यापासून उघड होईपर्यंतचा मधला आकडा 12 महिन्यांचा होता. म्हणजे वर्षभर चालू असतं आणि शेजारच्या टेबलावर कुणाला तरी ते माहीत असतं. तुमच्याकडेही कुणाला तरी माहीत असायची बरीच शक्यता आहे. तो सांगत का नाही, कारण चहाडखोर ठरायची भीती, आणि सांगितल्यावर मालक ते सगळ्यांसमोर बोलून टाकतील ही त्याहून मोठी भीती. 12 जणांच्या जागेत तक्रारपेटी ठेवून भागत नाही, अक्षर ओळखू येतं. महिन्यातून एकदा प्रत्येकाशी 15 मिनिटं एकट्याने बसा, सगळ्यांशी, आणि विचारा की कामात कुठे गळती होतेय असं वाटतं, कुठला माल सांभाळायला अवघड जातो. नाव विचारू नका. जागा विचारा. माणसं नाव सांगत नाहीत पण जागा सांगतात. आणि जे कळलं त्याचा उगम कधीही, कुणालाही, भांडणातसुद्धा सांगू नका.

आता मनाच्या समजुतीबद्दल, जे मी मघाशी पुढे ढकललं होतं. जेरल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाने 1990 मध्ये एक अभ्यास छापला, एकाच कंपनीच्या कारखान्यांत 10 आठवड्यांसाठी पगार 15 टक्के कापला गेला होता. एका कारखान्यात प्रमुखाने तासभराहून जास्त वेळ बसून, आकडे दाखवून, मनापासून दिलगिरी व्यक्त करून कारण सांगितलं. दुसऱ्या कारखान्यात थोडक्यात सांगून उरकलं. तिसऱ्यात कपातच नव्हती. पगार कापलेल्या दोन्ही ठिकाणी चोरी वाढली, पण जिथे उरकून टाकलं तिथे ती कितीतरी जास्त वाढली, आणि पगार पूर्ववत झाल्यावर खाली आली. माणसं तीच होती, कारखान्याची दारंही तीच होती. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो कारण आपण सगळं लक्ष कुलपाकडे देतो. पगार उशिरा होतो, ओव्हरटाइम बुडवला जातो, चारचौघांत अपमान होतो, तेव्हा आपण स्वतःच माणसाच्या हातात ती समजूत देत असतो, की हे माझं येणंच आहे, मी फक्त वसूल करतोय.

आणि मालकाचं स्वतःचं वागणं. तुम्ही घरच्या खर्चाला गल्ल्यातून पैसे घेता का, चिठ्ठी न ठेवता? घरी लागलं म्हणून गोदामातून वस्तू उचलता का, एन्ट्री न करता? बिल न करता ओळखीच्या ग्राहकाला माल द्यायला सांगता का? तुम्ही असं करताच असं नाही, पण मी जिथे जिथे गेले तिथे बहुतेक ठिकाणी होतं. तुम्ही घेतलेले पैसे तुमचेच आहेत, पण त्या दिवसापासून गल्ला कधीच जुळत नाही, आणि न जुळणाऱ्या गल्ल्यातून आणखी थोडे गेले तर कुणाला कळणार आहे? वर बघणाऱ्या 20 वर्षांच्या मुलाला एवढं कळतं की इथे न लिहिता घेतलेलं चालतं. तुमच्या प्रत्येक पैशाला चिठ्ठी लावा, सगळ्यांना दिसेल अशी. अडचणीच्या वेळी पगारातून उचल मिळायची एक ठरलेली, लेखी, न ओशाळता मागता येईल अशी सोयही ठेवा. एका मुलाने मला रडत सांगितलं होतं की मागायला लाज वाटली म्हणून काढले. त्याने काढलेली रक्कम त्याच्या अर्ध्या पगाराइतकीही नव्हती.

समजा यातून कुणीतरी सापडलंच, तर त्याच क्षणी जाऊन बोलू नका. आधी कागद जमवा, रिपोर्टच्या प्रती, फुटेज वेगळ्या ड्राइव्हवर, बिलांचे फोटो, आणि त्याच्या कॉम्प्युटरला स्वतः हात लावू नका, तारखा बदलतात आणि पुरावा कच्चा होतो. वकिलाला आधी भेटा, कारण पगारातून कापून घेणं, नोकरीवरून तडकाफडकी काढणं, तक्रार करणं याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत आणि मालकच अडचणीत येऊ शकतो. बोलायच्या वेळी तुमच्याबरोबर आणखी एक समंजस माणूस हवा, दाराला कडी नको, आवाज चढवायचा नाही, फोन हिसकावायचा नाही, खोलीत कोंडायचं नाही. आरोप करू नका, कागद पुढे ठेवा आणि हे समजावून सांगा एवढंच म्हणा. कधी कधी खरंच साधं उत्तर निघतं. त्याच दिवशी त्याचे पासवर्ड आणि किल्ल्या बदला. बाकीच्यांना तपशील सांगू नका, नियम काय बदलले तेवढं सांगा. कर्मचाऱ्याच्या अफरातफरीसाठी विमाही मिळतो, फिडेलिटी इन्शुरन्स म्हणतात, तुमची पॉलिसी असेल तर ती आधी वाचा, कारण कळल्यापासून किती दिवसांत कळवायचं याची मुदत त्यात असते.

राहिला तुमचा 15 वर्षांचा माणूस. त्याने काही केलंय असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही मनात धरू नका. पण विचार करा, आज तुमच्याकडे तूट आहे, उद्या तपास होणार, आणि पैसा, वही, बँक तिन्ही त्याच्याच हातात आहेत. त्याने काहीच केलं नसलं तरी ते तो दाखवणार कसा? त्याच्याजवळ बसा आणि हेच शब्द वापरा, की इतकी वर्षं मी सगळा भार तुमच्यावर टाकला, ती माझी चूक झाली, उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या बाजूने उभा राहायला माझ्याकडे कागद नाही, म्हणून बँकेचं काम मी घेतोय. मी हे बोलणं बऱ्याच ठिकाणी समोर बसून ऐकलंय. प्रामाणिक माणसाला पहिले दोन दिवस वाईट वाटतं, पण मग तोच तुम्हाला सांगायला लागतो की साहेब, उधारीची पावतीपुस्तकंसुद्धा तुम्हीच मोजून द्या. सोमवारी बँकेचं लॉगिन बदला, त्याच दिवशी पहिल्या 10 वस्तूंचा माग काढायला घ्या, आणि तो मुलगा त्यात असेल किंवा नसेल ते आपोआप दिसेल, तोवर त्याच्याशी कालपर्यंत वागत होता तसंच वागा.